ऑक्टोबरचा दर्या तळ्यासारखा नसतो

दसऱ्याच्या सुमारास एक मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो चार ग्रुपांवर आला: "नारळी पौर्णिमेला नारळ पडला की दर्या शांत. ऑक्टोबरात पाणी तळ्यासारखं. खडकावर कुठेही उभे राहा, भरतीला गळ टाका, मासा लागणारच. पौर्णिमेला तर डबल. मोठा मासा हवा तर जितकं लांब जाल तितकं चांगलं." हे वाचून नवखी पोरं रविवारी मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर उतरतात, म्हणून लिहितोय.

नारळ ही कोळ्यांची प्रार्थना आहे, हवामानाचा दाखला नाही. 2020 साली नारळी पौर्णिमा 3 ऑगस्टला होती, 2023 साली अधिक श्रावणामुळे 30 ऑगस्टला. दर्या काही पंचांग बघून शांत होत नाही. आणि ते 'तळ्यासारखं' पाणी बहुतेक वेळा सकाळचंच असतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की त्याच पाण्याला खळबळ येते.

"भरतीला गळ टाका" यात अर्धं खरं आहे आणि तेच जास्त घातक आहे. पाणी चढू लागलं की तांब, शिंगाळा खडकांच्या कपारीशी चरायला येतात, हे मान्य. पण मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओहोटी आणि भरतीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक असतो, आणि पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात काही जाणवतही नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी भरतं, म्हणजे दोन तासांत माणूस बुडेल एवढं. मी ज्या खडकावर उभा राहायचो तो उंच आहे, पण त्याच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, एक घळ आहे. आधी ती भरते. समोर गळाकडे बघत राहिलात तर पाय कोरडेच असतात आणि परतीची वाट गेलेली असते. एकदा कमरेएवढ्या पाण्यातून, शेवाळावर घसरत, हातातली काठी सोडून मी बाहेर आलो. तेव्हापासून घळीतला एक दगड खुणेचा धरलाय. तो भिजला की गळ गुंडाळायचा. भरतीची वेळ काढणंही सोपं आहे, तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या.

पौर्णिमेला डबल मासा कुणाला? डोलकराला, म्हणजे ओढीत डोल हे पिशवीसारखं जाळं लावणाऱ्याला. पाण्याची ओढ जितकी जोरात तितका बोंबील डोलीत शिरतो. गळवाल्याचं उलट. उधाणाच्या ओढीत शिसं तळाला ठरत नाही आणि पाणी इतकं गढूळ होतं की माशाला आमिष दिसत नाही, वासावर येणारा शिंगाळा तेवढा लागतो. (तो सोडवताना काटे सांभाळा, विषारी असतात.) मी तरी भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते तेव्हा, जातो.

लांब गेलं की मोठा मासा, हेही सरसकट खरं नाही. मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे; 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय या तेलक्षेत्रालाही खोली जेमतेम 75 मीटर. मासा अंतर बघून नाही, खाणं असेल तिथे जमतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून अशा जागा काढते, आणि बंदरापासून त्यांची दिशा, अंतर, खोली कळवते. ते न बघता लांब जाणं म्हणजे डिझेल जाळणं.

आणि परत येण्याचं काय? पाऊस गेल्यावर अरबी समुद्रात वादळांचा दुसरा हंगाम सुरू होतो. क्यार वादळ ऑक्टोबर 2019 मधलं. फयान 11 नोव्हेंबर 2009 ला अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, आणि कोकणातले कितीतरी खलाशी घरी परतले नाहीत. वादळ दूर असलं तरी त्याच्या लांब लाटा निरभ्र उन्हात, वारा नसताना इथे पोचतात. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला असतानाही पाणी सपाट दिसू शकतं, पण त्या दिवशी वर्सोव्याचा कोळी होडी बाहेर काढत नाही.