जीपची फायरवॉल

सरकारी जीपगाड्या, पाण्याचे दोन टँकर, एक जेसीबी आणि वयाने माझ्याहून थोडाच लहान असलेला एक रोड रोलर यांच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट गेली नऊ वर्षे माझ्या गॅरेजकडे आहे. या नऊ वर्षांत मी अनामत रक्कम भरली, हमीपत्रे दिली, बदललेले जुने सुटे भाग गोणीत भरून कार्यालयात जमा केले आणि बिलांची वाट पाहिली. परंतु यंदा नूतनीकरणाच्या कागदांमधून ‘परिशिष्ट ड : सायबर सुरक्षेबाबत स्वयंघोषणापत्र’ अशी चार पाने बाहेर पडली, तेव्हा मात्र माझ्या तोंडचे पाणी पळाले.

पहिलाच प्रश्न होता, ‘आपल्या आस्थापनेत फायरवॉल कार्यरत आहे काय?’ मी तो हेडमिस्त्रींना वाचून दाखवला. टँकरखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. त्या पायांच्या दिशेनेच उत्तर आले, “मालक, फायरवॉल नसलेली गाडी मी अजून बघितली नाही.” त्यांचे म्हणणे खरे होते. इंजिनाची धग आणि धूर चालकाच्या पायांशी येऊ नयेत म्हणून इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याला आमच्या धंद्यात फायरवॉलच म्हणतात. मी निःशंक मनाने ‘होय’पुढे खूण केली. ‘सुरक्षा पॅच वेळोवेळी लावले जातात काय?’ या प्रश्नावर पंक्चर काढणाऱ्या पोराने पॅच गरम हवा की थंड, एवढीच शंका काढली. ‘बॅकअपची व्यवस्था’ म्हणजे स्टेपनी, याविषयी तर कोणालाच शंका नव्हती. ‘सर्व लॉग 180 दिवस जतन केले जातात काय?’ येथे मात्र मी अडलो, कारण जीपचे लॉगबुक चालकाकडे असते, त्यावर साहेबांची सही असते आणि ते गॅरेजमध्ये ठेवून घेण्याचा मला काहीही अधिकार नाही.

अकरा प्रश्न असे सोडवून झाल्यावर अभियांत्रिकीला असलेला माझा पुतण्या आला. त्याने अर्ज वाचला, खुर्चीवर बसला, उठला आणि पुन्हा बसला. “काका, हे गाड्यांविषयी नाही, तुमच्या कॉम्प्युटरविषयी आहे,” असे तो शक्य तितक्या आदराने म्हणाला.

त्यानंतर त्याने मला कायदा सांगितला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 70 ब खाली सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले असून, त्यांनुसार संगणकावर घाला पडल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावे लागते, लॉग, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या कामाच्या नोंदी, 180 दिवस सांभाळाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवावी लागतात. लहान उद्योगांना त्यासाठी 25 सप्टेंबर 2022 पर्यंत सवलत होती, म्हणजे ती कधीच संपली होती. मी भिंतीकडे पाहिले. गॅरेजचे घड्याळ मी मुद्दाम वीस मिनिटे पुढे ठेवले आहे, कारण त्याशिवाय पोरे नऊ वाजता येत नाहीत. दिल्लीची प्रयोगशाळा आणि आमची पोरे या दोघांनाही एकाच घड्याळात सांभाळणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. पुतण्याने सांगितले की घड्याळ भिंतीवरचे नव्हे, संगणकातले पाहायचे असते. ते पाहिले, तर त्यात 2009 साल चालू होते. आतला सेल संपला होता. गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्यात हयात गेलेल्या माणसाच्या टेबलावर हे घडावे, याची मला खरोखर लाज वाटली.

“पण आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?” असे मी विचारले, तेव्हा पुतण्याने एकच उदाहरण दिले. तुमचा मेल ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या नावाने कार्यालयाला लिहील की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील बिले या नव्या खात्यात जमा करावीत. मी एकदम गप्प झालो. ज्या बिलासाठी मी सात महिने खेटे घालतो, ते एखाद्या परक्या माणसाला एका पत्रात मिळावे, ही कल्पना मला पैसे बुडण्यापेक्षाही जास्त लागली.

मग कळफलकाची तपासणी झाली. आमचा कळफलक एके काळी पांढरा होता. आता त्यावरच्या बहुतेक कळा धुळीने करड्या झाल्या आहेत, आणि सातच कळा तेवढ्या ग्रीसने काळ्याभोर चमकतात. पुतण्याने त्या सात कळा क्षणभर न्याहाळल्या, उभ्या असलेल्या रोड रोलरच्या नंबरपाटीकडे पाहिले आणि माझा पासवर्ड मला म्हणून दाखवला. नवा पासवर्ड बारा अक्षरांचा ठरला. तो विसरू नये म्हणून मी खडूने टँकरच्या मागच्या बाजूस लिहिला होता, हे त्याच्या नजरेला पडले नसते तर बरे झाले असते.

संगणक विंडोज 10 वर चालत होता आणि त्याची सुरक्षेची नियमित मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजीच थांबली होती. म्हणजे सुटे भाग मिळणे बंद झालेली गाडी, हे मला न समजावताच समजले. नवा संगणक घेतला आणि जुना भंगारात काढायचे ठरले. पण आतली हार्ड डिस्क तशीच देऊ नये, असे परिशिष्टात होते. हेडमिस्त्रींनी ती वाइसमध्ये आवळली, सहा एमएमचे ड्रिल लावले आणि आरपार चार भोके पाडली. आतली आरशासारखी तबकडी पाहून ते हळहळले आणि सवयीने त्यांनी भोकांच्या कडांवरचा कीस फुंकून साफही केला. साऱ्या परिशिष्टातले हे एकच कलम आम्ही कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले.

डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे संगणकाला जोडून ऑनलाइन सही करण्याचे पेनड्राइव्हसारखे साधन, आजवर बाजारपेठेतल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याकडे असायचा, आणि पिन टोकनलाच चिकटपट्टीने चिकटवलेला असायचा. तो मी परत आणला, पट्टी खरवडली, पिन बदलला आणि टोकन गाड्यांच्या किल्ल्यांच्या कपाटात कुलूपबंद केला. मग बाविसाच्या बावीस प्रश्नांची या वेळी खरी उत्तरे लिहून, सही-शिक्क्यासह कार्यालयात गेलो.

तेथील लिपिकांनी कागद उलटसुलट पाहिले आणि मला बसायला सांगितले. हे पोर्टलवर डिजिटल सहीने चढवायचे असून आज शेवटचा दिवस आहे, असे ते म्हणाले. मग मोठ्या आपुलकीने त्यांनी हात पुढे केला. “टोकन आणलाय ना? द्या इकडे आणि पिन सांगा, मीच करून टाकतो. तुम्ही कशाला त्रास घेताय?”

सोळाव्या प्रश्नाखाली मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले होते की पिन कोणालाही सांगितला जाणार नाही. तो सांगितला, तर सहा तास नेमके केव्हापासून मोजायचे, हे ठरवण्यासाठी मी कार्यालयाच्या घड्याळाकडे पाहिले. ते पावणेचारवर बंद पडले होते.