बाटलीतला समुद्र

उन्हाळ्यासाठी सेंट घ्यायला निघालेल्या पुरुषाची पहिली चूक म्हणजे तो दुकानाच्या आत उभा राहून सेंट निवडतो. आत एसी बावीसवर, बाहेर चाळीस अंश. बावीस अंशांत जो वास सभ्य गृहस्थासारखा हळू बोलतो, तोच दुपारी दीड वाजता वरातीतल्या बँडसारखा वाजू लागतो. सुगंध म्हणजे उडून जाणारं द्रव्य. अंग जितकं तापेल तितकं ते भराभर उडणार. थंडीत छान वाटलेला व्हॅनिला-दालचिनीचा सेंट मे महिन्याच्या लोकलमध्ये शेजाऱ्याला मिठाईच्या दुकानात कोंडल्यासारखा भासतो, तो यामुळेच.

काउंटरवरचा मुलगा विचारतो, "सर, कशात दाखवू? वुडी, स्पायसी, अ‍ॅक्वाटिक?" आपल्या घराण्यात वासाचे प्रकार दोनच: 'बरा येतोय' आणि 'काही मेलंय का इथे?' म्हणून आपण 'फ्रेश' म्हणतो आणि तो निळ्या बाटल्यांची रांग मांडतो. निळी बाटली म्हणजे समुद्र, असं या धंद्यात ठरूनच गेलंय. हा समुद्र बहुतेक वेळा कॅलोन नावाच्या रेणूतून येतो. १९६६ मध्ये तो फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला आणि नव्वदच्या दशकात पुरुषांच्या सेंटांना त्याची भरती आली. नीट हुंगा: समुद्र कमी, कलिंगड जास्त. वर्सोव्याला वाळत घातलेल्या बोंबलांच्या बाजूनं ज्यानं खरा समुद्र हुंगलाय, त्यानं मात्र तक्रार करू नये. कलिंगड परवडलं.

काही बाटल्यांतून नुकत्याच धुतलेल्या शर्टाचा वास येतो. तो भास नव्हे. डायहायड्रोमायर्सेनॉल हा रेणू १९८८ च्या डेव्हिडॉफ कूल वॉटरमध्ये गाजला आणि तोच कपड्यांच्या साबणातही पडतो. मला स्वतःला हा वास आवडतो, पण निम्मं काम धोबी करत असताना आपण हजारो का मोजायचे, हा प्रश्न उरतोच.

लिंबू-संत्र्याची गोष्ट वेगळी. कोलोन शहरात फरिना घराणं १७०९ पासून या जातीचं सुगंधी पाणी विकतंय आणि उन्हाळ्यासाठी याहून शहाणी कल्पना अजून कुणाला सुचलेली नाही. अडचण एकच: लिंबूवर्गीय वास पंधरा-वीस मिनिटांत उडतो. पाहुण्यानं चपला काढाव्यात आणि लगेच परत घालाव्यात, तसा. म्हणून खाली टिकणारं काहीतरी लागतं: वाळा, देवदार किंवा सौम्य कस्तुरी. हुंगताना आपण लिंबावर भाळतो, पण दिवसभर आपल्याबरोबर राहायचं असतं या खालच्या मंडळींनी.

तेव्हा परीक्षा अशी घ्या. कागदाच्या पट्टीवर तीनच सेंट मारायला सांगा आणि प्रत्येक पट्टीवर नाव लिहा; नाही लिहिलं, तर दहा मिनिटांनी तिन्ही पट्ट्या जुळ्या होतात. चौथ्यापासून नाक संपावर जातं. मग तो मुलगा कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतो. त्यानं नाक साफ होत नाही, तीन वासांत चौथ्याची भर पडते. त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक घाला. लोक बघतील, बघू द्या. पसंत पडलेला एकच सेंट मनगटावर एकदा मारा. मनगटं एकमेकांवर घासू नका, त्या उष्णतेनं वरचा नाजूक वास आधीच उडतो. आणि आता मुख्य पायरी: पैसे न देता दुकानाबाहेर पडा. उन्हात अर्धा तास चाला, रिक्षात बसा, घाम येऊ द्या. चार तासांनीही मनगट हुंगावंसं वाटलं, तर परत जा. तो मुलगा तुम्हाला कंजूष समजेल. तोही उन्हाळ्याचाच एक खर्च.

बाटलीवर 'ओ द कोलोन' असेल तर सुगंधी द्रव्य साधारण २ ते ५ टक्के, 'ओ द टॉयलेट' असेल तर ५ ते १५ आणि 'ओ द पार्फम' असेल तर १५ ते २० टक्के. जास्त टक्के म्हणजे जास्त वसूल, असा आपला हिशोब असतो. उन्हाळ्यात मधलं पुरतं. हिशोबच करायचा तर हा करा: एका फवाऱ्यात अंदाजे ०.१ मिली जातं, म्हणजे १०० मिलीत हजार फवारे. रोज दोन मारले, तर पाचशे दिवस. आपला उन्हाळा चार महिन्यांचा, म्हणजे एक बाटली चार उन्हाळे पुरणार आणि तोवर त्यातलं लिंबू आंबून जाणार. ३० मिली घ्या.

दोन फवारे म्हणजे दोनच. अर्ध्या तासात आपल्या नाकाला आपलाच वास येईनासा होतो, मग माणूस "उडाला वाटतं" म्हणून आणखी चार मारतो आणि लिफ्टमधली माणसं मधल्याच मजल्यावर उतरून जिना धरतात. फवारा शर्टाच्या आत, छातीवर. मानेवर मारून उन्हात जाऊ नका: बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या नैसर्गिक तेलातला बर्गाप्टेन हा घटक ऊन लागलं की कातडीवर काळे डाग पाडू शकतो. काखेत तर मुळीच नको. ताज्या घामाला फारसा वास नसतो, तो काखेतले जंतू तयार करतात आणि त्यावर सेंट म्हणजे लसणीच्या चटणीवर गुलकंद. त्यासाठी आंघोळ, टॉवेल आणि रात्री कोरड्या काखेत अँटीपर्स्पिरंट.

एवढा खटाटोप करून आपण ज्या गारव्यापाशी येतो, तो आजीच्या माठात वाळ्याची जुडी होऊन पडलेला असतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या डेगेत वाळ्याची मुळं उकळून, वाफ भपका नावाच्या भांड्यात थंड करून रूह खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर काढतात. भाजलेल्या मातीची वाफ चंदनाच्या तेलात मुरवून मिट्टी अत्तर करतात, तेही तिथलंच. पहिल्या पावसाचा वास, जून उजाडायच्या आत. अत्तरात अल्कोहोल नसतं, म्हणून ते सावकाश उलगडतं. कानात फाया किंवा मनगटावर एक ठिपका पुरे. पांढऱ्या शर्टाला मात्र लावू नका, तेलाचा डाग राहतो. खरा खस मुळासारखा, किंचित कडवट, ओल्या मातीचा येतो. गोडसर आला तर तो सरबताचा इसेन्स समजा.

बाटली न्हाणीघरात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उष्णतेनं आणि उजेडानं ती नासते. कपाटातला अंधार बरा. फ्रिजच्या दारात ठेवायचीच असेल, तर घरच्यांना आधी सांगून ठेवा की हिरव्या दोन बाटल्यांपैकी मोठी तेवढी सरबताची.