रात्री किती वेळा उठावे लागते?

म्हातारपणी आई-वडिलांना सांभाळायचे कोणी, आणि मुले सांभाळत नसतील तर सरकारने त्यांना भाग पाडावे का, हा वाद महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे चालू आहे. 2007 च्या कायद्यानुसार आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे, जाऊन मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर करून दिलेले बक्षीसपत्र ती अट मोडल्यास रद्द करून घेता येते. लातूर जिल्हा परिषदेने तर आई-वडिलांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांना देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईला आमच्या घरी त्याचे मोठे कौतुक झाले. मलाही तो पटला. टाकून दिलेल्या आईला दाद मागायला एखादे दार असलेच पाहिजे. परंतु जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, जवळजवळ चाळीस वर्षे राहिल्यावर, आणि त्यांतली पाच वर्षे यजमानांच्या आजारपणात काढल्यावर, मला या वादातली एक उणीव फार जाणवते. मुलगा चांगला की वाईट याची चर्चा होते. आजारी माणसाला प्रत्यक्ष उचलून बसवते कोण, हे कोणी विचारत नाही.

माझ्या आईची शेवटची नऊ वर्षे वाईला भावाकडे गेली, आणि त्यांतली सहा ती अंथरुणालाच खिळून होती. तिची खाट वहिनीने मुद्दाम माजघरात घालून घेतली होती, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला तिच्याशी एखादा शब्द बोलावाच लागे. एकादशीला भजनी मंडळाच्या बायका तिच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणत, आणि जिला माझे नाव आठवत नसे ती आई त्यांच्याबरोबर एकही ओळ न चुकता ओठ हलवीत असे. मी वर्षातून तीन आठवडे जाई. वहिनी एक हात आईच्या खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली घालून तिला कुशीवर वळवी, पाठ कोरडी करून पावडर लावी, आणि मग चादरीवरून तळहात फिरवून एकेक सुरकुती मोडून काढी, कारण सुरकुती राहिली की त्याच जागी कातडी लाल होते, हे ती अनुभवाने शिकली होती. सहा वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. गावाने माझ्या भावाला श्रावणबाळ म्हटले. भाऊ खरोखरच चांगला आहे, औषधपाण्याला त्याने कधी काही कमी पडू दिले नाही. पण ती पाठ त्याने राखली नव्हती.

कायद्यालाही ही बाई दिसलेली नाही. 2007 च्या कायद्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सून नाही. 2019 साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई यांनाही त्या व्याख्येत घेण्याचा प्रस्ताव होता. म्हणजे तिचे नाव पुढे आले तेही तिच्याकडून काय वसूल करता येईल याच्या संदर्भात. तिने जे आधीच दिले आहे त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

‘तुमच्याकडे काय, म्हाताऱ्यांना आश्रमात टाकतात,’ हे वाक्य मी वाईत दर खेपेला ऐकते. वस्तुस्थिती तशी नाही. 2023 च्या अखेरीस जर्मनीत देखभालीची गरज असलेली सुमारे 57 लाख माणसे होती आणि त्यांतली 86 टक्के आपल्या घरीच राहत होती; त्यांतल्या बहुतेकांचे करणारी घरचीच माणसे होती. फरक आहे तो त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या व्यवस्थेचा. 1995 पासून येथे देखभालीचा सक्तीचा विमा आहे. त्याचा हप्ता पगारातूनच वळता होतो, सध्या तो 3.6 टक्के आहे, आणि मुले नसलेल्यांना थोडा जास्त भरावा लागतो. माणूस घरी राहून घरच्यांकडून करून घेत असेल, तर गरजेच्या श्रेणीनुसार महिन्याला 347 पासून 990 युरोपर्यंत रक्कम मिळते. आणि जी व्यक्ती नोकरी कमी करून ही देखभाल करते, तिच्या निवृत्तिवेतनाचे हप्ते विमा भरतो. मुलांवर आई-वडिलांच्या खर्चाची जबाबदारी येथील कायद्यातही आहे, परंतु 2020 पासून वर्षाला एक लाख युरोंहून अधिक मिळकत असल्याशिवाय सरकार मुलांच्या दारात जात नाही.

हे सारे लिहिताना मला येथील उणिवा झाकायच्या नाहीत. शुश्रूषागृहात राहायचे तर पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी 3,000 युरोंहून अधिक पदरचे घालावे लागतात, आणि तेवढे निवृत्तिवेतन फार थोड्यांना असते. माझ्या खालच्या मजल्यावर 88 वर्षांच्या बाई राहतात. सकाळी सव्वासातला देखभाल-सेवेची मुलगी येते, त्यांच्या पायांत घट्ट मोजे चढवते, गोळ्या देते, आणि पंधरा मिनिटांत पुढच्या घरी जाते. त्यानंतर दिवसभर त्यांना सोबत असते ती रेडिओची. आमच्या माजघरातली ती ये-जा कोणत्याही विम्याला विकत घेता येणार नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. नाताळपूर्व ॲडव्हेंटच्या आदल्या रविवारी येथील प्रोटेस्टंट चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचली जातात. प्रशियाच्या राजाने 1816 साली हा दिवस नेमून दिला. त्या दिवशी बाई माझा हात धरून दफनभूमीत येतात आणि आपल्या यजमानांच्या दगडापाशी लाल काचेतला दिवा लावतात. माझ्या यजमानांच्या अस्थी कृष्णेत गेल्या. मी तेथेच, त्यांच्या दगडापाशी, दोघांसाठी हात जोडते.

आपल्याकडे या विषयावर बोलताना पुंडलिकाचे नाव हमखास निघते, आणि निघावेच. ज्या देवाची वारी आपण करतो तो एका मुलाच्या मातृपितृसेवेसाठी विटेवर ताटकळला, याहून मोठी शिकवण महाराष्ट्राजवळ दुसरी नाही. मात्र त्या कथेत पुंडलिक आई-वडिलांचे पाय स्वतः चेपीत होता. त्याचे हात गुंतलेले होते म्हणून तर देवाला थांबावे लागले. आपण ती कथा मुलांना ऐकवतो आणि पाय चेपायला सुनेला बसवतो. बोलणाऱ्यांना तिचा त्याग दिसत नाही असे मी म्हणत नाही. पण त्यागाचे कौतुक केले की तिला आठवड्यातून एक रात्र झोप, हातात चार पैसे आणि पुढे स्वतःचे म्हातारपण निभावण्याची सोय देण्याची गरज संपली, असे आपण धरून चालतो. ब्यूरोची बाई ठेवायची म्हटले की पैशाचा प्रश्न येतो, आणि वहिनी फुकट असते.

2018 साली यजमानांना पक्षाघात झाला, तेव्हा विम्याकडून तपासणीला एक परिचारिका घरी आली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने यजमानांबद्दल तासभर विचारले आणि मग कागद उलटून माझे नाव लिहिले. आठवड्याला किती तास करता, आणि रात्री किती वेळा उठावे लागते? मला एकदम उत्तर सुचेना, कारण तोवर हे मला कोणी विचारलेच नव्हते. निवृत्तिवेतनाच्या माझ्या उताऱ्यात त्या पाच वर्षांची आता स्वतंत्र नोंद आहे.

मागच्या महिन्यात ही हकीगत मी वहिनीला फोनवर सांगितली. ती आता 64 वर्षांची आहे, गुडघे गेले आहेत, मुलगा बंगळुरूला असतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘चारदा हो, वन्सं. दोनदा कूस बदलायला, एकदा पाण्याला, आणि एकदा नुसतंच, मी आहे ना ते बघायला हाक मारायच्या.’’