एक कारखाना, दोन देश : गुरुजींना उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या दोन पिवळ्या कोहिनूर पेन्सिलींबद्दल मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. एकीवर ऑस्ट्रिया आणि दुसरीवर चेकोस्लोव्हाकिया छापलंय, म्हणजे त्यातली एक नक्कल असणार. आजोबांनी पहिली १९१८ पूर्वी घेतली, हा माझा निव्वळ अंदाज. आणि पेन्सिल टोक काढून मुलांच्या हातात द्यावी, डबीत जपू नये.

नक्कल नाही, गुरुजी. दोन्हींवर 'एल. अँड सी. हार्टमुथ' आहे. योजेफ हार्टमुथ यांनी १७९० मध्ये व्हिएन्नात हा धंदा सुरू केला, एल. आणि सी. म्हणजे त्यांचे मुलगे लुडविग आणि कार्ल. १८४८ मध्ये कारखाना बोहेमियातल्या बुडवाइसला, म्हणजे आजच्या चेस्के बुडेयोव्हित्से गावी गेला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, म्हणून पेन्सिलीवर ऑस्ट्रिया. ऑक्टोबर १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला, हे गाव त्यात गेलं आणि छाप बदलला. कारखाना जागचा हलला नाही, सरहद्द हलली.

तुम्ही मालवणात शिकवलंत. तुमच्या शाळेच्या जुन्या दाखल्यांवर 'जिल्हा रत्नागिरी' असणार आणि १ मे १९८१ नंतरच्या दाखल्यांवर 'सिंधुदुर्ग'. त्यावरून कुणी दोन शाळा होत्या असं म्हणेल का? जुन्या पेन्सिलीचं वय मी असंच वाचतो. नाव फसवू शकतं. कोहिनूर वाचून ही स्वदेशी असणार असं मलाही लहानपणी वाटायचं. देशाचं नाव मात्र काळाची खूण सोडून जातं.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. छापावरून पेन्सिल कधी बनली ते कळतं, आजोबांनी कधी विकत घेतली ते नाही. दुकानदाराकडे माल वर्षानुवर्षं पडून राहतो. ते वाक्य मी आजच दुरुस्त करतो. लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

टोक काढण्याबद्दल मात्र मी ऐकणार नाही. त्याच पेटीत बोटाएवढी एक तांबडी पेन्सिल आहे. आजोबा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, म्हणून त्यांच्याकडे कडक शिशाच्या पेन्सिली असत. शिशात मातीचं प्रमाण जितकं जास्त, तितकं ते कडक आणि रेघ बारीक, फिकट. या तांबडीचं टोक कुणीतरी नावाच्या बाजूनेच ब्लेडने काढलंय. सोनेरी अक्षरांतलं उरलंय फक्त 'व्हेरिया'. म्हणजे बव्हेरिया, जर्मनीतला प्रांत. तिथे न्यूरेम्बर्ग शहरात आणि आसपास पेन्सिली बनवणारे बरेच, फाबर होते, श्टेडलर होते, श्वान होते. लाकडाला अजून सीडरचा वास येतो, पण सीडर सगळेच वापरायचे. कोपऱ्यांवरचा रंग, शिशाची जाडी, अक्षरांचं वळण, सगळं भिंगाखाली घालून झालं. दोन इंच लाकूड शाबूत असतं तर बनवणाऱ्याचं नाव आज समोर असतं. गेल्या पावसाळ्यात दमट हवेने उरलेल्या अक्षरांचाही सोनेरी रंग सुटायला लागला, म्हणून ती डबी.

मुलांना लिहायला नव्या पेन्सिली मी आनंदाने देतो. गणपतीत मालवणला येईन तेव्हा या तिन्ही घेऊन येतो, तुम्ही हातात घेऊन बघा. आणि शाळेच्या जुन्या कपाटात कुठे अशा पेन्सिली असतील, तर कुणी ब्लेड लावायच्या आत मला कळवा.