कोरियात लोखंड हान सैन्याने आणलं? तारखेपासूनच घोळ आहे

"इ.स.पू. १०८ मध्ये चीनच्या हान सैन्याने कोरिया जिंकला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी पहिल्यांदा लोखंड पाहिलं. पुढेही ते चीनकडून अवजारं विकतच घेत राहिले. लोखंड आलं आणि दगड-लाकूड अडगळीत गेलं." हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. लोखंड आधी चीनकडून आलं, एवढं त्यातलं खरं.

आधी तारीख. चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या बाजूला योंग्योन-दोंग इथे लोखंडी कुऱ्हाडी, कुदळी, विळे सापडले आणि त्यांच्याबरोबर चीनमधल्या यान राज्याची सुरीच्या आकाराची नाणी. यान राज्य बुडालं इ.स.पू. २२२ मध्ये. म्हणजे सैन्य यायच्या कितीतरी आधी व्यापारी येऊन गेले होते. ही अवजारं ओतीव, बिडाची. बीड कडक असतं पण ठिसूळ. बिडाचा तवा हातातून पडला की काय होतं, ते सांगायला नको.

"विकतच घेत राहिले" हे तर साफ उलटं. तिसऱ्या शतकातला चिनी इतिहासकार छन शौ कोरियाच्या दक्षिणेकडच्या ब्योनजिन लोकांबद्दल सांगतो की त्यांच्याकडे लोखंड निघतं. हान, कोरियातलेच ये आणि जपानचे वा हे लोक ते घ्यायला येतात. चीनमध्ये नाणी चालतात तसं तिथल्या बाजारात लोखंड चालतं. चीनने कोरियात वसवलेल्या दोन परगण्यांनाही हेच लोखंड जातं. (हे हान म्हणजे दक्षिण कोरियातलेच लोक. चिनी हान घराण्याशी नावापुरतं साम्य, आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो.) पुढे याच भागात झालेल्या गाया राज्यांच्या काळात हे लोखंड पट्ट्यांच्या रूपात फिरायचं: दोन्ही टोकं पसरट, मध्ये कंबर बारीक. लोहाराने घ्यावी, तापवावी, हवं ते घडवावं. जपानमध्ये नारा इथल्या एका थडग्यात लहानमोठ्या ८७२ पट्ट्या निघाल्या. चांगवॉनजवळ दाहो-री इथे इ.स.पू. पहिल्या शतकातल्या एका थडग्यात तर लोखंडी अवजारांसोबत पाच कुंचले मिळाले, दोन्ही टोकांना केस असलेले. ते व्यवहार लिहायचे असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. नुसत्या गिऱ्हाइकाच्या थडग्यात हा सरंजाम कशाला?

राहिलं लाकूड. ते अडगळीत गेलंच नाही. नंतरच्या काळातही फावडं लाकडाचंच असायचं, फक्त त्याच्या धारेला इंग्रजी 'यू'च्या आकाराची लोखंडी पट्टी बसवायचे. लोखंड महाग, जिथे माती कापायची तेवढ्यापुरतंच. आणि लोखंड आलं म्हणून शेती एकदम बदलली असंही नाही: कोरियातल्या सिल्ला राज्यात नांगराला बैल जुंपल्याची नोंद तर थेट इ.स. ५०२ सालची आहे.