मखराचे दिवे न लागण्याची पक्की तजवीज

दांडिया बाजारातून आणलेली ३० दिव्यांची पट्टी, २८ पायांची एक चिप आणि चतुर्थीच्या आदल्या रात्रीचे अकरा. एवढं जुळून आलं असेल तर बडोद्यातल्या तुमच्या मखराचे दिवे लागणार नाहीत, निश्चिंत असा. तरी कुठे कसर राहू नये म्हणून हे सांगतो.

आधी मल्टीमीटर माळ्यावर टाका. फार चुगलखोर वस्तू. त्या चिपच्या, म्हणजे ATमेगा३२८च्या, वीजपुरवठ्याच्या सातव्या-आठव्या पायांवर टोकं टेकवली की ‘इथं पाच व्होल्ट पोचलेलेच नाहीत’ असं तोंडावर सांगतो, मग रात्रभर जागायला कारणच उरत नाही. त्यापेक्षा प्रोग्राम बदलत बसा. काही ब्रेडबोर्डांची, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पाट्यांची, कडेची वीज नेणारी लाल रेघ मध्येच तुटलेली असते आणि अर्धा बोर्ड उपाशी राहतो. हा दोष कोडमध्ये सापडणं शक्य नाही, म्हणून तिथेच शोधा.

सप्लाय देताना हात आखडता घ्या. एकेक दिवा पूर्ण पांढरा लागला की ६० मिलिअँपियरपर्यंत ओढतो, म्हणजे ३० दिव्यांचे १.८ अँपियर. त्यांना जुन्या मोबाइलचा अर्ध्या अँपियरचा चार्जर लावा. दिवे उजळतात, व्होल्टेज बसतं, चिप दचकून रीसेट होते, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या शेजारच्या बेन तर म्हणाल्या, “केटलुं सरस!” मी मान डोलावली.

पट्टीला वेगळा अडॅप्टर लावायची वेळ आलीच, तर चिप आणि पट्टी दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे वजा बाजूच्या वायरी, एकमेकांना जोडू नका. वाटण्या झालेल्या भावांसारखी मध्ये भिंत राहू द्या. चिपचा हुकूम पट्टीकडे नेणारी डेटाची वायर बिचारी एकटी काय करणार?

दुकानदार विचारेल, “एकसो चार आपुं?” नको म्हणा. चिपच्या पायाशी लावायचा तो इवलासा कपॅसिटर न घेतल्याने वाचलेल्या पैशांत सेव-उसळीवरचा रस्सासुद्धा येत नाही, पण तत्त्व म्हणून.

नवी कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते. फ्यूज, म्हणजे चिपच्या आतली वेग ठरवणारी सेटिंग्ज, तसेच ठेवून तिच्यात १६ मेगाहर्ट्झचा प्रोग्राम भरा. सेकंदाने लुकलुकायचा दिवा सोळा सेकंदांनी लुकलुकेल. आरतीच्या वेळी तो संथपणा शोभूनही दिसतो.

चिपचा बटणाला जोडलेला पाय मात्र अधांतरीच ठेवा. आजी हात जोडायला पुढे आल्या की दिवे आपोआप लागतात, मागे सरल्या की विझतात. १० किलोओहमच्या एका रेझिस्टरने तो पाय बांधून म्हातारीची श्रद्धा कशाला मोडायची?

एवढं करूनही जीव भरला नाही तर चिप बदला. दुसरीही चालली नाही, तर ती डुप्लिकेट आहे असं जाहीर करून सकाळी दुकान उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसा. दुकानवाले भाई शटर वर करतील, बोर्ड हातात घेतील आणि एक शब्दही न बोलता ग्राउंडची सुटलेली वायर जागेवर खोचून देतील. तेव्हा सांगा, ती मी मुद्दामच काढून ठेवली होती.