‘बाय’ आणि ‘अनटिल’ एकच? नाही हो

गेला आठवडाभर नाशिकच्या दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक ‘इंग्रजी टिप’ फिरतेय: ‘बाय फ्रायडे’ काय किंवा ‘अनटिल फ्रायडे’ काय, अर्थ ‘शुक्रवारपर्यंत’च, कुठलंही वापरा. शिवाय ‘टिल’ हा म्हणे ‘अनटिल’चा शॉर्टकट. दोन्ही गोष्टी चूक.

घोळ आपल्या ‘पर्यंत’मुळे होतो. मराठीत तो एकटाच दोन्ही कामं करतो, बाकीचं क्रियापद सांभाळून घेतं. आता पिंपळगावच्या पॅकहाउसमधून द्राक्षं निघायचीत असं धरा. ‘लोड द ग्रेप्स बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार ही शेवटची मुदत. बुधवारीच माल भरलात तर उत्तमच. ‘कीप द ग्रेप्स इन कोल्ड स्टोरेज अनटिल फ्रायडे’ म्हणजे तोवर माल आतच; बुधवारी बाहेर काढलात तर बोलणी खाल. वाक्यात ‘उशिरात उशिरा’ बसलं तर बाय, ‘शुक्रवार उजाडेस्तोवर’ बसलं तर अनटिल.

नकारात गंमत आहे. ‘डोन्ट लोड अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी भरू नका. तिथे बाय घातलं की हा अर्थच निघत नाही.

‘अनटिल फ्रायडे’मध्ये खुद्द शुक्रवार धरायचा की नाही, यावर मात्र अस्सल इंग्रजी बोलणारेही वाद घालतात. ऑर्डर लिहिताना सरळ तारीख टाका.

आणि ‘टिल’? तो ‘अनटिल’पेक्षा जुना शब्द आहे. टिलला दोन एल, अनटिलला एकच, त्यात माझंही बोट अजून अडखळतं.